काकासाहेबांचा कॅनॉल

दाढ दुखते हे कबूल करायला आमच्या पडेगावच्या काकासाहेबांना सहा महिने लागले. तोवर लवंग झाली, कापूर झाला, बायकोची, द्वारकाबाईंची, मिसरीसुद्धा चोळून झाली. कबूल करणार तरी कोणत्या तोंडानं? शेजारच्या आप्पासाहेबांनी कवळी बसवली, तेव्हा यांनीच चारचौघांत विचारलं होतं, "आप्पा, हुरड्याला येताना दात आणणार का घरी ठेवणार?" आता भाकरी चावायला यांच्याकडे उजवीकडची एकच जोडी धड उरली होती आणि ठणकत होती ती त्यातलीच. ती गेली की कवळी आलीच.

गाल सुजल्यावर मी त्यांना स्कूटरवर बसवून डॉक्टर मुकुंदांकडे नेलं. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, "दाढ वाचेल. रूट कॅनॉल करू."

काकासाहेब खुर्चीत ताठ झाले. जायकवाडीच्या कॅनॉलवर पाटकरी म्हणून, कुणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं हे ठरवण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. "कॅनॉलचं मला शिकवता व्हय?"

डॉक्टर शांत माणूस. म्हणाले, "आधी हिरडीत इंजेक्शन, तेवढंच टोचेल. ओठ दोन-तीन तास बधिर राहील, तोवर काही खाऊ नका, गाल चावला जातो. आज नस काढून तात्पुरतं सिमेंट भरतो. मग आणखी दोनदा यायचं. मुळाच्या टोकापर्यंत साफ करून भरायचं आणि वर टोपी बसवायची. टोपी नसली तर दाढ फुटते."

"म्हंजे गाळ काढायचा, अस्तर करायचं अन् झाकण लावायचं. तीन पाळ्या. समजलं."

समजलं कसलं! दुसऱ्या दिवशी ठणका थांबला आणि काकासाहेब तज्ज्ञ झाले. गल्लीत कुणी गालाला हात लावला की यांचं व्याख्यान सुरू. डॉक्टरांची तारीख आली तेव्हा मी स्कूटर काढून उभा, तर हे ओट्यावरून म्हणाले, "दुखत नाय ना आता? मग पुढच्या पाळीला."

हे वाक्य त्यांच्या तोंडात मुरलेलं होतं. आप्पासाहेबांचं शेत पैठणकडं, शेतांकडं पाणी नेणाऱ्या चारीच्या अगदी शेवटी, टेलला. पाणी मागायला गेले की काकासाहेब हेच ऐकवायचे आणि हापिसात मात्र टेलपर्यंत पाणी पोचल्याचं कळवून मोकळे व्हायचे. आप्पासाहेबांचा गहू त्या पुढच्या पाळीची वाट बघत दोनदा वाळला. डॉक्टरांना दरवेळी फोन करून नवी सबब सांगायचं काम माझ्याकडे आलं होतं. माझं डोकं फिरायचं, पण मोठ्या माणसाला बोलणार काय?

जानेवारीत आप्पासाहेबांनीच सगळ्यांना शेतावर हुरड्याला बोलावलं. काकासाहेबांनी मुद्दाम त्यांच्यासमोर बसून भाजलेले हरभरे उजव्या दाढेखाली फोडायला घेतले. चौथ्या-पाचव्या दाण्याला कट् असा आवाज झाला आणि काकासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

डॉक्टर रागावले नाहीत. "सिमेंट केव्हाच निघालंय. वरवरचं झालं, टोकापर्यंत काम झालंच नाही. आता दाढ उभी चिरलीय, काढावीच लागेल." दाढ काढली. कापसाचा बोळा दाबून ठेवायचा, तासभर बोलायचं नाही, थुंकायचं नाही, असं बजावून त्यांनी आम्हाला घरी पाठवलं.

घरी पोचतो तोच आप्पासाहेब हजर. आता कवळीचं उट्टं निघणार म्हणून, खोटं कशाला बोलू, मी खूश होतो. त्यांनी मलाच विचारलं, "काय म्हनले डाक्टर?"

"टोकापर्यंत काम झालंच नव्हतं म्हणाले."

आप्पासाहेब कवळीचा विषयच काढीनात. खुर्ची ओढून ते काकासाहेबांच्या जवळ बसले आणि हळूच म्हणाले, "मग काकासाहेब, हापिसात काय कळवायचं? टेलला पाणी पोचलं म्हनूनच ना?"

काकासाहेबांनी बोळा आणखी घट्ट दाबला. माझी हसायची इच्छाच मेली. तासानं द्वारकाबाईंनी बोळा काढून घेतला, चहा दिला. आप्पासाहेब अजून तिथंच बसले होते. काकासाहेबांनी आपला कप त्यांच्यापुढं सरकवला.