ठकीनं चोपलेली जमीन

आमच्या गावातल्या जुन्या घरांच्या जमिनींवरून ठकी कातकरीण एकदा तरी नाचून गेलेली आहे. आता वर लाद्या बसल्या, म्हणून कुणाला आठवत नाही. मला आठवतं. माझ्या लग्नाच्या वर्षी आमच्या ओटीची नवी जमीन तिच्याच फेरानं चोपली होती, आणि त्या ओल्या मातीवर मी नवे बूट घालून ऐटीत पाय ठेवला. ठकी तेव्हा कोवळी पोर, पण जीभ तेव्हापासूनच तिखट. भर पाहुण्यांत ओरडली, "ए दादा, नवरा झालास म्हणून उडतोस काय? बूट काढ!" सासरेबुवा इतके हसले की त्यांना ठसका लागला. जमिनीवरचा माझ्या टाचेचा खळगा मात्र लादी बसेपर्यंत तसाच होता.

पनवेलहून उरणच्या वाटेला, गव्हाणच्या अलीकडे, खाडीच्या बांधाला लागून आमचं आगऱ्यांचं गाव. गावाच्या उताराला कातकऱ्यांची वाडी. आमच्याकडे शेतं होती, त्यांच्याकडे नव्हती. भात झोडायला दरवर्षी शेतात नवं खळं करायचं. माती पसरायची, पाणी शिंपायचं, आणि लाकडी चोपण्यानं ठोकायच्या आधी ठकीला बोलवायचं. ती आपल्या बाया घेऊन यायची. एकमेकींच्या कमरेला हात, मधे तिचा नवरा गोमा ढोल घेऊन. ठकी गाणं सांगायची, बाकीच्या ते ओढायच्या, आणि फेर हळूहळू माती दाबत फिरायचा. अशा खळ्याला भेग जात नसे. गोमाचा ढोल दमट हवेत बसायचा, म्हणून तो आमच्या चुलीपाशी शेकत ठेवी. एकदा गप्पांच्या नादात ढोलाची कड जळाली, तर ठकी म्हणाली, "ढोल भाजलास, आता रातच्याला खा तोच."

वर्षातून एकदा हा फेर गावासाठी नसायचा, वाडीच्या गौरीसाठी असायचा. दिवाळीनंतर सगळी वाडी कळंबोलीच्या पलीकडच्या वीटभट्ट्यांवर पांगायची. पाऊस लागला की परत. गौरीला मात्र सगळ्या बाया घरी असत. ठकीच्या अंगणात तेरड्याची गौर मांडायची आणि तिच्यापुढे फेर धरायचा. ठकी म्हणायची, "एक गौर चुकली का फेर मोडला. मंग बाया ढोलावर येनार नाय, मुकादमाच्या हाकंवर येतीन."

पुढे नव्या शहरासाठी शेतं गेली. खळीही गेली. आम्हाला पैसे मिळाले. वाडीच्या नावावर जमीनच नव्हती, तेव्हा तिला काय मिळणार? ठकीला बोलवायचं कुणाला कारण उरलं नाही. रस्त्यात भेटली की ती म्हणायची, "पाय झोपलं आमचं, दादा." एवढंच. भट्टीवरचा उन्हाळाही तिला आताशा सोसत नव्हता. "पयले दुपारची सावली तरी थंड असायची," म्हणायची.

चौऱ्याण्णवचा श्रावण असेल. गावच्या मंडळानं गणपती-गौरीसाठी नवं मैदान करायचं ठरवलं. माझ्या चुलतभावाचा मुलगा परेश मंडळाचा पुढारी. पोरगा मनानं चांगला, पण बुडाखाली मोटरसायकल आल्यापासून त्याला कुठलीच गोष्ट दोनदा बघायला सवड नसायची. उताराच्या कडेची सखल जागा त्यानं मुरूम आणि मातीनं भरून घेतली. पावसात रोलर आणला, तो रुतला. त्याला ओढायला ट्रॅक्टर आणला, तोही रुतला. गावाला फुकटचा तमाशा. शेवटी कुणी म्हातारा बोलून गेला, "ठकीला आना. ती रुतनार नाय."

परेश खरंच वाडीवर गेला.

"ठकीबाय, मैदान बसवून दे आमचं."

"आनि आमाला काय, परेशशेठ?"

"चहापानी, मजुरी, सगला. आनि या वर्षी तुमची गौर पन हितंच नाचवा. गावाच्या मैदानावर. मी सांगतंव."

हे शेवटचं ऐकून ठकीनं पदर खोचला. गावानं फेर पुष्कळदा नाचवला होता, पण वाडीची गौर गावात कधी आली नव्हती. ठकीचे गुडघे तोवर गेलेले, पण सून सुनिताच्या खांद्यावर हात टाकून ती फेरात उभी राहिली. झिमझिम पावसात बाया दिवस दिवस त्या भरावावर फिरल्या. मी छत्री घेऊन बघत बसायचो. कितीतरी वर्षांनी ढोल ऐकत होतो. जमीन अशी बसली की परेशनं तिच्यावर मोटरसायकलचे वळसे घेऊन दाखवले.

त्या भरावाखाली एक जुनी नाळ होती. वाडीचं पाणी तिच्यातून बांधाच्या उघाडीपर्यंत, म्हणजे झडपेच्या दारापर्यंत, जाई आणि ओहोटीला खाडीत उतरे. शेतं होती तेव्हा ती आम्ही दरसाल साफ करायचो. शेतं गेली तशी ती आमच्या डोक्यातूनही गेली. परेशच्या ध्यानात आली नाही, माझ्या नाही, आणि तिच्यावर नाचणाऱ्या ठकीच्याही नाही.

पाऊसही पूर्वीसारखा राहिला नव्हता. आठ-आठ दिवस दडी मारायचा आणि मग एका दुपारी सगळा ओतायचा. गौर यायच्या आदल्या दिवशी तसाच ओतला. गावात काही झालं नाही. वाडीत मात्र पाणी चढलं आणि उतरेना. चुली बुडाल्या, ठकीचं अंगण गुडघाभर पाण्यात.

तरी दुसऱ्या दिवशी ती आली. सुपात तेरड्याची गौर, मागे बाया, गोमाच्या डोक्यावर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला ढोल. मैदानावर मंडप, बेंजो पार्टी, पनवेलचे पाहुणे. परेश पुढे आला आणि पायांकडे बघत बोलू लागला.

"ठकीबाय, जरा थांबशील? बेंजोवाले आत्ताच लागलेत."

त्या कडेला उभ्या राहिल्या. बेंजो संपला, मग आरती, मग सत्कार, मग पुन्हा बेंजो. मंडळातल्या दोघाचौघांनी परेशच्या कानाशी काही सांगितलं. तो परत आला.

"असा करा ना, आजच्या दिवस खालच्या अंगाला धरा फेर. गौर काय, कुठं पन गौरच."

"खाली पानी हाय," ठकी म्हणाली.

"मैदान झाल्यापासून साचतंय का?" मी विचारलं.

ठकीनं आधी माझ्याकडे बघितलं, मग पायाखाली. मग ती हसू लागली. सुनिता घाबरली, "आत्या, काय झाला?"

"अगो, आपुनच आडवला. नाचून नाचून आडवला!"

हसता हसता तिला खोकला आला. गौर घेऊन बाया परत गेल्या. त्या संध्याकाळी फेर झाला नाही. गोमा सांगत होता, गौर छपराच्या वाशाला टांगून ठेवली, खाली ठेवायला कोरडी जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी गौरीपूजनाला गर्दी लोटली आणि तुंबलेल्या पाण्यानं मैदानाची खालची कड खचली. मंडपाचा एक खांब कलला. परेश पँट वर करून पाणी तुडवत वाडीत गेला. मीही गेलो, पोराला एकट्याला शिव्या नकोत म्हणून.

"ठकीबाय, चल. कड बसवून दे."

ठकी बाजेवर पाय वर घेऊन बसली होती. "पयले नाळ खन."

"मैदान फोडू? पाहुनं बसलेत तिथं! इसर्जन होऊ दे, मग बघू."

"मंग तू नाच. आमी बसतो."

परेश माझ्याकडे बघू लागला. मी म्हटलं, "माझ्याकडं काय बघतोस? मला नाचता येत नाय."

ठकीला भांडायचं नव्हतं, तेवढं बळच नव्हतं तिच्यात. ती आवाज न चढवता म्हणाली, "परेश, उद्या गौर जाईल. तवर फेर झाला नाय, तर या बाया पुना एका जागी मिलनार नाय. मी पन किती गौरी बघनार? मला तुजा मैदान नको. माजा आंगन दे."

तो आला तसा पाणी तुडवत परत गेला. विसर्जनाच्या सकाळी मात्र मंडळाची पोरं फावडी घेऊन आली. पाहुण्यांच्या खुर्च्या उचलून त्यांनी मैदानातून चर काढला, वरून फळ्या टाकल्या. दोघं-तिघं कुरकुरत होते, पण फावडं परेशच्याही हातात होतं. ओहोटी लागली तसं पाणी उतरलं. सगळं नाही, अर्धं.

ठकीच्या अंगणात घोट्याएवढा चिखल राहिला. तिनं गौर वाशावरून काढून उलट्या पाटीवर मांडली. गोमानं ढोलावर थाप मारली. कातडं भिजलेलं, आवाज गोणीवर मारल्यासारखा. चिखलात पावलांचा आवाजही येईना, नुसता चुबुक चुबुक. ठकीचा गळा दोन ओळींत बसला. मग गाणं सुनितानं सांगितलं, चुकत माकत, आणि ठकी फेरात बाकीच्यांसारखी ओढू लागली.

फेर संपल्यावर ती माझ्याजवळ, आपल्या घराच्या पायरीवर येऊन टेकली. पाय पोटऱ्यांपर्यंत काळे.

"दमलीस?"

"दमले." मग चिखलाकडे बघून म्हणाली, "ही जमीन काय बसनार नाय, दादा. पन फेर झाला."

मी उठून अंगणात उतरणार, तेवढ्यात मागून आवाज आला, "ए, चपला काढ!"