आमचा उपग्रह बोलेनासा झाला तेव्हा

त्या उपग्रहाच्या वीजपुरवठ्याचं काम माझ्याकडे होतं. सूर्यावर वादळ झालं की वर इलेक्ट्रॉनांचा मारा होतो आणि तो विद्युतभार उपग्रहाच्या अंगावर साठत जातो. उन्हातल्या बाजूला कमी, सावलीतल्या बाजूला जास्त. फरक फार वाढला की ठिणगी उडते. आमच्याकडे ती सौर पॅनलवरच्या तारांमध्ये उडाली असावी. आम्ही कितीतरी दिवस संदेश पाठवत राहिलो. उत्तर आलं नाही. शेवटी साहेबांनी मला घरी जाऊन यायला सांगितलं.

वडखळला एसटी थांबली तेव्हा फोनवर निरोप आला की प्रयत्न थांबवलेत. मी तो वाचला, फोन पर्समध्ये टाकला आणि खाली उतरून आईसाठी पापड घेतले. रडू येईल असं वाटलं होतं. नागोठणं गेलं, रोहा आलं, पुलावरून आमच्या अष्टमी गावात पोचले, तरी काही आलं नाही.

बातमी टीव्हीवर सांगून झाली होती. शेजारच्या बायका येऊन बसल्या आणि सुतकातल्या घरी बोलावं तशा हळू बोलल्या. त्या गेल्यावर आईनं सरळ विचारलं, "वीज पडली काय गो त्याच्यावर?"

मी म्हटलं, पडली नाय, त्याच्याच अंगावर साठली.

"मग अर्थिंग नव्हतं?"

तिथे तार पुरायला जमीन नाही, हे मी तिला समजावलं. म्हणून सगळे भाग एकमेकांना जोडून ठेवतात, म्हणजे फरक राहत नाही. तरी कुठेतरी राहतो. बाबा ऐकत होते. त्यांनी टीव्ही बंद केला आणि मला जेवून घ्यायला सांगितलं. मी जेवले. मग दुपारभर झोपले. जाग आली तेव्हा आईनं अंगावर चादर घातलेली होती, आणि तेही मला दुसऱ्या कुणाच्या बाबतीत घडल्यासारखं वाटलं.

परत गेल्यावर पुढच्या उपग्रहाचं काम मिळालं. या वेळी तारांमधलं अंतर वाढवलं, फटी सिलिकॉननं बुजवल्या. तो वर गेला आणि पहिल्या मोठ्या वादळातून नीट बाहेर आला. कंट्रोल रूममध्ये सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. हात लाल झाले, एवढंच लक्षात आहे.

आई अजून फोनवर विचारते, "हाय ना बरा तो?"

मी व्हय म्हणते. मग ती बाबांच्या गुडघ्याचं सांगायला लागते.