नाव गेलेल्या फायली

पक्षाघाताने बाबांची वाचा गेली आणि आमच्या भांडुपच्या घरात त्यांच्या गाऱ्हाण्याचा शोध सुरू झाला. दर गणपतीला देवापुढे नारळ ठेवून, साऱ्या घरादाराचं भलं मागत बाबा मालवणीत जे बोलायचे, ते कुणीच कधी पाठ केलं नव्हतं. बाबा आहेतच की, असं सगळ्यांना वाटायचं. मी एकदा ते त्यांच्या जुन्या फोनवर रेकॉर्ड केलं होतं. त्या फोनचं मेमरी कार्ड सापडलं, पण बिघडलेलं.

"बघ गो, आवाज गावता काय," आई म्हणाली.

कार्ड कॉम्प्युटरवर दुरुस्त केलं, तेव्हा फायली ढिगाने परत आल्या, पण नावं पुसलेली. सगळ्यांना सरसकट FILE आणि पुढे आकडा. फोटो कुठला, आवाज कुठला, काही कळेना. भाऊ म्हणाला, "टेन्शन कशाला घेतेस? नावाच्या शेवटी .mp3 लाव ना, झकास वाजेल." त्याने लावलंही. एकही वाजली नाही.

"नावाआधी डॉक्टर लावून तुला ऑपरेशन जमेल का रे?" मी खेकसले.

मी अंधेरीच्या ऑफिसात कोड लिहून पोट भरते, पण फायलीच्या आत डोकावायची वेळ कधी आली नव्हती. एक छोटा प्रोग्रॅम लिहिला: प्रत्येक फाईल उघड, सुरुवातीचे मोजके बाइट वाच, मला दाखव. स्क्रीनवर ओळी उमटू लागल्या आणि मी बघतच राहिले. एकीची सुरुवात '%PDF'. दुसरीत 'PNG'. वरचं नाव गेलं, तरी आपण कोण हे प्रत्येकीने आपल्या पोटात, अगदी सुरुवातीलाच, जपून ठेवलं होतं. कधीकाळी कुणी अनोळखी माणसांनी ही सोय करून ठेवली होती. इतकी वर्षं याच कामात काढून हे मी आज पाहत होते.

मग आलं '#!AMR'. जुने फोन आवाज याच प्रकारात साठवायचे. तेवढ्याच फायली वेगळ्या काढल्या आणि बाबांच्या खुर्चीजवळ बसून एकेक वाजवली. भाजीवाल्याशी घासाघीस, चुकून दाबलेलं बटण, नुसती खरखर. आणि मग बाबा, खणखणीत. "बा देवा म्हाराजा..."

आईने माझा हात घट्ट धरला. रेकॉर्डिंगमधले बाबा एकेक मागणं मागत होते आणि प्रत्येक मागण्यानंतर जमलेली माणसं एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणत होती.

"ह्या घरातल्या पोराबाळांक सुखात ठेव रे म्हाराजा!"

माणसांनी होकार दिला आणि त्यांच्या पाठोपाठ खुर्चीतून एक आवाज आला. जड, अडखळता, पण स्पष्ट.

"व्हय म्हाराजा."

आजारपणानंतरचा बाबांचा तो पहिला शब्द. आयुष्यभर गाऱ्हाणं त्यांनीच घातलं, त्यामुळे होकार द्यायची पाळी त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. पुढचं मागणं आलं. बाबांनी पुन्हा तोंड उघडलं आणि या वेळी आम्ही तिघांनीही त्यांच्याबरोबर म्हटलं.