मेमरी कार्डातली आई

पालमच्या स्टँडसमोर एका तरुणाचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाइकाची गॅलरी उघडण्याआधी तो चप्पल काढून कुणाच्या घरात शिरावं तसं विचारतो, "बघू का?"

माझ्या वारलेल्या आईचे शेवटचे फोटो फोनमधून गायब झाले होते. दोन दिवस मी कंपनीला शिव्या घालत होतो; शेवटी फोन त्याच्याकडे नेला.

"काका, तुमीच फोटो मेमरी कार्डात हलवलेत. कंपनीला कशाला बोलायलाव?"

त्याने उघडलेल्या फोल्डरात आईच्या फोटोंसोबत कलप लावून, बायकोचा गॉगल घालून काढलेले माझे चाळीसेक सेल्फी होते. त्याने आईचा फोटो समोर आणून फोन माझ्या हातात दिला.

"आजी घावल्या. बाकी म्या काईच बघितलं न्हाई."

इतकं सरळ तोंड ठेवून खोटं बोलणाऱ्या माणसाकडेच मी आता फोन देतो.