माझी गाठ सोडवणारी बाई

शाळेत मी दुसरीपर्यंतच गेलो, पण जाळं विणायला बसलो की अख्ख्या शिरवणे गावात माझा हात धरणारा कुणी नव्हता. एकोणीसशे ऐंशीच्या सुमाराला जवळच्या चर्चला कुणीतरी चित्रं विणलेले जुनेपुराणे पडदे दान दिले. ते जपायला एक चष्मेवाली बाई आली आणि टाके घालायला तिनं मला बोलावलं. नाव तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पडद्याला हात लावण्याआधी दरवेळी ती बोटं पदराला पुसायची, देवाला फूल वाहताना पुसतात तशी.

एका पडद्यावर कोळी जाळं ओढत होते. मी खो खो हसलो. "बाई, या जाल्यात मासा र्‍हाईल काय? गाठच चुकलीय! थांबा, मी करतो बराबर."

"काका, चूकपण जुनीच आहे. तीपण जपायची."

मी कसला ऐकतोय! ती चहाला गेली नि मी चित्रातल्या जाळ्यावर दोऱ्यानं आपली पक्की गाठ मारली. परत आल्यावर तिनं भिंग लावलं. मी घाबरलो, कारण गाठ ओढली असती तर पडदाच फाटला असता. तिनं चिमट्यानं हळूच गाठ सोडवली. जुना धागा हललासुद्धा नाही. मग ती जी हसत सुटली, की मीपण पोट धरून हसलो.

माझी गाठ सोडवणारं माणूस जन्मात तेवढं एकच भेटलं.