ताकेनोसावाच्या बसचा अर्ज

ताझुको मिनेगिशीने नवऱ्याबरोबर चाळीस वर्षं तोफू विकला. नवरा गेल्यावर तिने दुकान बंद केलं, तरी ताकेनोसावाच्या वस्तीत तिला सगळे तोफूवालीच म्हणत. तिची धाकटी बहीण सुमी खाली गावातल्या वृद्धाश्रमात होती. सुमी आता फक्त ताझुकोलाच ओळखे. दर बुधवारी बसने ताझुको सकाळी दहाला तिच्याकडे पोचे. एप्रिलपासून ही बस बंद होणार, असं नगरपालिकेने कळवलं.

ताझुकोने नगरसभेकडे अर्ज लिहिला आणि वस्तीतल्या रिवाजाप्रमाणे तो या घरून त्या घरी जाणाऱ्या सूचनांच्या फळीला लावून सगळीकडे फिरवला. आधीच्या घराने सही केली की पुढचं घर करतंच. अठ्ठावन्न नावं झाली.

सभेच्या कचेरीतल्या हिनाताने कागद उलटेपालटे करून पाहिले.

"काकू, यातली वीस नावं एकाच हातची दिसतात."

"माझ्याच. त्यांचे हात थरथरतात ना! मी त्यांच्यासमोर बसून लिहिलीत."

"मग शेजारी त्यांच्या नावाचे शिक्के तरी हवेत. आणि एका सभासदाची शिफारस. नाहीतर याच्या प्रती काढून सगळ्यांच्या टेबलांवर ठेवतो आम्ही, बस्स."

"वाचतात का?"

"ठेवतो आम्ही," हिनाता नम्रपणे म्हणाला.

ती पुन्हा चढण चढली. वीस घरांत वीस वेळा चहा झाला, शिक्के शोधायला कपाटं उपसली गेली. शिफारशीची सही कुसाकाबे नावाच्या सभासदाने दिली. मतदानाच्या आदल्या दिवशी त्याचाच फोन आला.

"मावशी, मत घेतलं तर अर्ज पडेल. त्यापेक्षा 'हेतू मान्य' असा ठराव करू या का? सगळे एकमताने हो म्हणतील. कुणालाच वाईटपणा नाही."

"हेतू मान्य झाला की बस येईल?"

"बस... नाही. तुमच्या भावना पोचल्या, असं नोंदवलं जाईल."

"माझी बहीण माझी वाट बघते हो, भावनांची नाही."

"पडला तर पडला अशीच नोंद होईल, मावशी."

"होऊ दे. कोण कुठे उभा राहिला ते तरी दिसेल."

अर्जाच्या बाजूच्या सभासदांना उभं राहायला सांगितलं; चार विरुद्ध सहा मतांनी अर्ज पडला. ताझुको प्रेक्षकांच्या बाकावर मांडीवर हात ठेवून बसली होती. सभासद मोरिता उभा राहिला नाही, हे तिने पाहिलं. तो याच वस्तीत वाढलेला. सभा संपल्यावर तिने हिनाताला वाकून नमस्कार केला आणि बसथांब्याकडे गेली.

महिनाभराने सभेचं पत्रक घरोघर आलं. प्रत्येक सभासदाच्या नावापुढे होकाराचा गोल किंवा नकाराची फुली. शेजारचा इवाओ पत्रक घेऊन कुंपणाशी आला.

"बघितलंस, तोफूवाली? आपल्या मोरिताची फुली! नवीन वर्षाला आपल्याकडे तांदळाच्या सात मोची खाल्ल्या त्याने."

"आठ. शेवटची मीच वाढली होती."

मार्चच्या अखेरीस बस बंद झाली. एप्रिलच्या पहिल्या बुधवारी ताझुको सकाळी साडेआठला पायी निघाली. दुसऱ्या वळणावर मागून मोरिताची मोटार आली, काच खाली झाली.

"बसा, मावशी. सोडतो."

"दर बुधवारी येशील?"

मोरिताने घड्याळ पाहिलं. इंजिन चालूच होतं.

"मग जा बाबा तू. पायांना सवय लागायला हवी."

मोटार तिच्या मागे थोडा वेळ हळूहळू आली, मग पुढे निघून गेली.

ती आश्रमात पोचली तेव्हा अकरा वाजून गेले होते. दहाच्या आधीपासून सुमी खिडकीशी बसून होती.

"आज बसला उशीर झाला का गं, ताई?"

ताझुकोने बूट काढले, कपाळावरचा घाम पुसला.

"हो," ती म्हणाली. "झाला जरा."