अंगठ्यावरचा शब्द

यमू गेल्याचा फोन सिंदीहून तिच्या मुलाने केला. ऐकलं आणि फोन खाली ठेवला. सून विचारत होती, आई, कोणाचा फोन? मला सांगताच येईना. मी नुसती मांडीवरच्या माझ्या हाताकडे बघत बसले. तिला वाटलं हाताला मुंग्या आल्या, म्हणून बिचारी तेलाची वाटी घेऊन चोळायला बसली. आता महिना उलटलाय. त्या हाताचं काय ते आता सांगते, पण त्यासाठी आधी नाचणगावला जावं लागेल.

आमची घरं तिथे भिंतीला भिंत लागून. दोघींचे बाप पुलगावच्या मिलमध्ये, आणि आम्ही दोघी पुलगावच्या शाळेत. सकाळी बाप पुढे, आम्ही मागे, असं सगळं चालतच. मॅट्रिकच्या वर्गात दलित वस्तीतल्या मुली म्हणून आम्ही दोघीच होतो, त्यामुळे भांडलो तरी बाक एकच. इंग्रजीचे मास्तर अंगाने काडी, पण आवाज मिलच्या भोंग्यासारखा. एकदा त्यांनी आश्चर्याचे शब्द शिकवायला घेतले, आणि शिकवले ते बोटांवर. मूठ वळायची. करंगळी उघडली की सरप्राइज्ड, म्हणजे जरासं नवल वाटलं. दुसरं बोट अस्टॉनिश्ड, चकित झालो. मधलं अमेझ्ड, थक्क. अंगठ्याजवळचं अस्टाउंडेड, पार हबकून गेलो. आणि शेवटी अंगठा, फ्लॅबरगॅस्टेड... वाचाच बसली! मास्तर म्हणायचे, ज्याची वाचा बसली तो शब्द तोंडाने काय कपाळ म्हणणार, म्हणून बोट दाखवा. आणि अंगठा जपून ठेवा. लग्नातला शालू नेसून कोणी बाजारात जातं का? लहान गोष्टीला मोठा शब्द वापरला की ते सरळ बाकावर उभं करायचे.

वर्गाने आठवडाभर गंमत म्हणून बोटं नाचवली आणि सोडून दिली. आम्हा दोघींना मात्र ते व्यसनच लागलं. चिक्कू दुकानदाराने गुळाचा खडा वर टाकला, दोन बोटं. शेजारच्या बकरीला तीन पिल्लं झाली, तीन. वस्तीतल्या बायांना वाटायचं या पोट्ट्यांवर कोणी करणी केली. एकदा माझ्या मावशीला जुळं झालं आणि मी आनंदाच्या भरात अख्खा पंजा उघडला. यमू दिवसभर माझ्याशी बोलली नाही. शेवटी घरी येता येता म्हणाली, "खर्चून टाकला न तू! आता खरंच काई झालं तं काय दाखवशीन?" तिने स्वतःचा अंगठा कधीच उघडला नव्हता. मॅट्रिक झाले तर उघडीन, म्हणायची. तिला मास्तरीण व्हायचं होतं. दुसरं काहीच नको होतं तिला.

आणि नेमकं सत्तावन्न साली, परीक्षा तोंडावर असताना, सिंदीचं स्थळ आलं. पोरगा रेल्वेत. तिचा बाप वाईट माणूस नव्हता, पण हातचं स्थळ जाऊ द्यायची त्याची छाती नव्हती. पोरीला दिलं की शाळा बंद, हे सांगायलाही नको होतं. यमू रडली नाही. चूल पेटवताना एवढंच म्हणाली, आता अंगठा असाच राह्यते वं माया. मला तेव्हा तिच्या बापाचा इतका राग आला होता, अजूनही थोडा आहे.

पाहुणे आले. यमू पाटावर मान खाली घालून, पदराखाली मूठ. मी उरलेल्या पोह्यांच्या बशा घेऊन तिच्या बाजूला दाराशी. मुलाची आई काळीसावळी, अंगठाछाप, दिवसभर रोजाने शेतात निंदायला जाणारी बाई. यमूचा बाप घाईघाईने सांगू लागला की पोरीला घरकाम सगळं येतं, शाळा काय, उद्यापासून बंदच करतो. त्या बाईने हातातली बशी खाली ठेवली.

"बंद काऊन? मी नागपूरले दीक्षा घ्याले गेलती, तवाच ठरवलं मी. माया घरात सून येईन ते शिकलेली येईन. मॅट्रिक होऊ द्या तिले. पोरगं थांबते."

मुलाने आपल्या बापाकडे पाहिलं, बापाने बशीकडे. मी पदराखाली पाहिलं... एकेक बोट उघडत होतं, करंगळीपासून. अंगठ्याशी जरा थांबलं, मग तोही सरळ झाला. माझ्या हातातले पोहे सांडले आणि मला बोलणी बसली.

यमू मॅट्रिक झाली, मग लग्न, मग ट्रेनिंग. सिंदीच्या शाळेत तिने जन्मभर मास्तरकी केली, पोरं सासूने सांभाळली. पुढे तिच्या आयुष्यात काय थोडं झालं? मुलगा इंजिनिअर झाला, नात परदेशी गेली. पण चार बोटांच्या पुढे बाई जाईना! मी चिडवायची, अंगठ्याला गंज चढला का तुझ्या? ती म्हणायची, "सासूबाईचा हाय तो. दुसऱ्याले कसा देऊ?"

शेवटचं भेटले तेव्हा ती अंथरुणाला खिळली होती. मी आपली हवापाण्याचं बोलत होते, तिला सगळं कळत होतं. हळूच म्हणाली, "मरन काई नवलाचं नाई, सुमे. त्याले मी करंगळीबी नाई देनार." आणि पांघरुणाखालून मूठ काढून दाखवली, घट्ट मिटलेली. दोघी हसलो. गाडीत बसल्यावर मात्र मला रडू आवरेना.

म्हणजे फोन येणार हे मला पक्कं ठाऊक होतं. नियमाने त्याला करंगळीसुद्धा नको होती, मास्तर असते तर या वयात बाकावर उभं केलं असतं मला. पण सून तेल चोळत होती, मी तोंड उघडून तिला यमूचं नाव सांगू बघत होते, आणि आवाज फुटत नव्हता. मांडीवर पाहिलं तर पाचही बोटं उघडी.

यमे, मी पुन्हा खर्चून टाकला वं.